झाडाला पाणी किती लागते?

जुलै महिन्यात शाळेच्या आवारात लावलेल्या रोपांपैकी पुढच्या जूनमध्ये किती उरतात, याची नोंद बहुतेक शाळांच्या वृक्षारोपणाच्या वहीत नसते. लावल्याची असते, प्रमुख पाहुण्यांच्या नावासह असते, मेल्याची नसते. माण, जत, सांगोला, आष्टी अशा कमी पावसाच्या भागातील शिक्षकांना मात्र ती आकडेवारी न लिहिताही पाठ असते. ऑक्टोबरपर्यंत रोपे जोमात असतात, फेब्रुवारीत पाने मलूल होऊ लागतात आणि मे महिन्याच्या सुटीत उरलासुरला जीव जातो. पाणी घालावे म्हटले, तर त्याच महिन्यात गावात टँकर येत असतो. झाडाला घातलेली बादली कोणाच्या तरी घागरीतून कमी झालेली असते.

अशा ठिकाणी ‘झाडाला पाणी किती लागते?’ हा प्रश्न हौशी बागकामाचा राहत नाही. कमी घातले तर झाड जाते, जास्त घातले तर पाणी जाते. दिसायला हा प्रश्न सोपा आहे. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला विज्ञानाला तीनशे वर्षे लागली. या काळात काही सुंदर प्रयोग झाले, तशा काही मोठ्या चुकाही झाल्या. त्या चुका आजही आपल्या बागांतून केल्या जातात, म्हणून हा इतिहास जरा तपशिलाने पाहण्यासारखा आहे.

न मोजलेले पाणी

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रुसेल्सच्या परिसरात यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट या वैद्याने एक प्रयोग केला. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती त्याने एका कुंडीत भरली आणि तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोके पाडलेले पत्र्याचे झाकण बसवले. पाच वर्षे फक्त पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी घातले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचे, म्हणजे सुमारे ७७ किलोग्रॅमचे झाले होते. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती अवघी २ औंस कमी भरली. यावरून झाड हे पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली त्याच्या मुलाने हे लेखन प्रसिद्ध केले.

हा प्रयोग आपण मुलांना सांगतो तो प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता, ही चूक आपण दाखवतो. पण आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. झाड पाण्याचे बनते असे म्हणणाऱ्या व्हान हेल्माँटने माती तोलली, झाड तोलले. पाच वर्षांत पाणी किती घातले, हे मात्र नोंदवले नाही.

ती उणीव पहिल्यांदा भरून काढली लंडनच्या जॉन वुडवर्ड यांनी. १६९१ साली त्यांनी पुदिन्याच्या काड्या पाणी भरलेल्या काचेच्या बाटल्यांत ठेवल्या. तोंडे बंद करून फक्त खोड जाईल एवढेच छिद्र ठेवले. एका बाटलीत पावसाचे पाणी होते, दुसरीत झऱ्याचे, तिसरीत थेम्स नदीचे. ७७ दिवसांनी त्यांनी काडीचे वाढलेले वजन आणि संपलेले पाणी यांची तुलना केली. वजनाच्या एका भागामागे कमीत कमी ४६ भाग, तर एका रोपात ७०० हून अधिक भाग पाणी खर्च झाले होते. वुडवर्ड यांनी १६९९ साली लिहिले, की झाडाने शोषलेल्या पाण्यापैकी बहुतांश पाणी झाडात राहतच नाही. ते पानांतून हवेत निघून जाते.

झाड पाणी साठवत नाही, ते पाणी पुढे सोडते. ही कल्पना त्या काळात नवी होती.

धर्मगुरूचे सूर्यफूल

पाणी कधी जाते आणि किती जाते, हे दिवस आणि रात्र वेगळी काढून मोजण्याचे श्रेय स्टीफन हेल्स यांना द्यावे लागते. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावात ते धर्मगुरू होते. ३ जुलै १७२४ रोजी त्यांनी कुंडीतले साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे रोप प्रयोगासाठी घेतले. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून सांधे बंद केले. पाणी घालण्यासाठी एक नळी ठेवली आणि तिला बूच लावले. मग ८ ऑगस्टपर्यंतच्या काळात पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडी तोलली.

कोरड्या, उष्ण दिवसाच्या बारा तासांत रोपाने जास्तीत जास्त ३० औंस, म्हणजे सुमारे ८५० ग्रॅम पाणी गमावले. सरासरी होती २० औंस. उबदार, कोरड्या रात्री मात्र नुकसान फक्त ३ औंस होते. दव पडले की तेही थांबे. दव जास्त पडले किंवा पाऊस झाला, तर कुंडीचे वजन उलट दोन-तीन औंसांनी वाढे. शेवटी हेल्स यांनी रोप बुडाशी कापले आणि रिकामी राहिलेली कुंडी तोलत राहिले. मातीची कुंडीच बारा तासांना २ औंस पाणी बाहेर टाकत होती. तेवढे त्यांनी हिशेबातून वजा केले. वरचे आकडे ही वजाबाकी करूनच दिलेले आहेत.

पानांचे क्षेत्रफळ मोजण्याची त्यांची युक्ती तर आजच्या शाळेतही करता येईल अशी आहे. पाने लहान-मोठ्या आकारांप्रमाणे पाच गटांत विभागून त्यांनी प्रत्येक गटातल्या एका पानावर दोऱ्यांची जाळी ठेवली. जाळीचा प्रत्येक चौकोन पाव इंचाचा होता. चौकोन मोजून आणि पानांच्या संख्येने गुणून एकूण क्षेत्रफळ आले ५६१६ चौरस इंच. आपण आलेख कागदावर पान ठेवून हेच करतो. दिवसाला २० औंस पाणी एवढ्या पृष्ठभागावरून जाते, याचा अर्थ पानांवर पसरलेला इंचाच्या १६५ व्या भागाइतका पातळ थर रोज उडून जातो. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या ग्रंथात हे सारे आले आहे.

हेल्स यांच्या आकड्यांतून बागेसाठी एक धडा निघतो. झाडाला लागणारे पाणी हा झाडाचा ठरावीक गुणधर्म नाही. तेच सूर्यफूल एका दिवशी ३० औंस गमावते, तर दवाच्या रात्री काहीच गमावत नाही. ‘या झाडाला रोज दोन तांबे पाणी लागते’ असे वाक्य त्यामुळे जुलैत खरे असले, तर मे महिन्यात खोटे असते.

ज्वारी आणि लसूणघास

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड व जर्मनीत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिहारमधील पुसा येथे जे. डब्ल्यू. लेदर यांनी पिकांची पाण्याची गरज कुंड्यांत मोजली. परंतु या विषयातील सर्वांत मोठे काम झाले अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील अॅक्रन येथे. हा कोरडा, वाऱ्याचा पठारी प्रदेश. १९११ पासून लायमन ब्रिग्ज आणि होमर शँट्झ यांनी शंभर किलोग्रॅमहून अधिक माती मावणाऱ्या, झाकणे मेणाने बंद केलेल्या कुंड्यांत अनेक पिके वाढवली व सातत्याने तोलली.

एक किलोग्रॅम कोरडा भाग तयार करण्यासाठी ज्वारी व वरीसारख्या भरड धान्यांना सुमारे ३०० लिटर पाणी लागले. गव्हाला सुमारे ५०० लिटर, आणि लसूणघासाला ८०० लिटरहून अधिक. एवढी उधळपट्टी झाड का करते? कारण पानाला कार्बन डायऑक्साइड हवा असतो, आणि तो हवेत जेमतेम ०.०४ टक्के आहे. तो आत घेण्यासाठी पर्णरंध्रे उघडली, की त्याच दारातून आतली वाफ बाहेर पडते. पानाच्या आत हवा बाष्पाने भरलेली, बाहेर कोरडी. मग आत येणाऱ्या एका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू बाहेर जातात. झाडाला पाणी लागते ते मुख्यतः या देवघेवीची किंमत म्हणून.

ज्वारीला हा सौदा स्वस्त का पडतो, याचे उत्तर १९६० च्या दशकात मिळाले. हवाई बेटांवरील ऊस संशोधकांनी आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी दाखवले, की ऊस, मका, ज्वारी यांसारख्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी एक वेगळी, अधिक कार्यक्षम रासायनिक पायरी वापरतात. रंध्रे कमी उघडी ठेवूनही त्यांचे भागते.

काही वनस्पती याहून पुढे गेल्या आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत हिंदुस्थानात काम केलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली लंडनला एका पत्रात आपले एक निरीक्षण कळवले. आपल्या अनेक शाळांच्या बागेत असते, ती पानफुटी. तिची पाने सकाळी आंबट लागतात, दुपारपर्यंत बेचव होतात आणि संध्याकाळी थोडी कडवट होतात, असे त्याने लिहिले. याचा अर्थ लागायला विसावे शतक उजाडावे लागले. पानफुटी, निवडुंग, घायपात या वनस्पती दिवसा रंध्रे मिटून घेतात आणि गार, दमट रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी दारे बंद ठेवून त्याचे अन्न करतात. म्हणून सकाळचा आंबटपणा. हा प्रयोग वर्गात करताना मुलांना पान चाखू मात्र देऊ नये, कारण पानफुटीत विषारी द्रव्येही असतात. सकाळी सातला आणि दुपारी चारला तोडलेल्या पानांचा रस सामू मोजणाऱ्या कागदावर टाकला, तरी फरक दिसतो.

धुळीच्या आच्छादनाची चूक

झाडाच्या पानांतून पाणी जाते, तसे उघड्या मातीतूनही जाते. हे दुसरे नुकसान कसे थांबवायचे, या प्रश्नावर एक मोठी चूक घडली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या कोरड्या पठारावर हार्डी कॅम्पबेल नावाच्या शेतकऱ्याने एक पद्धत सांगायला सुरुवात केली. कंदिलाच्या वातीतून तेल चढते, तसे मातीतील बारीक नलिकांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि पृष्ठभागावरून उडून जाते. तेव्हा प्रत्येक पावसानंतर वरची माती बारीक करून टाकावी. नलिका तुटतील आणि धुळीचा थर झाकणासारखा काम करेल. हा तर्क सुंदर होता. १९०२ पासून कॅम्पबेलची पुस्तिका निघू लागली. रेल्वे कंपन्यांना आपल्या मार्गालगतच्या जमिनी विकायच्या होत्या, त्यांनी तिचा प्रसार केला. कमी पावसाच्या प्रदेशात हजारो कुटुंबे शेती करायला गेली. १९१७ नंतर मोंटाना राज्यात कोरडी वर्षे आली, तेव्हा त्यांतील हजारो कुटुंबांना जमिनी सोडून परतावे लागले. बारीक केलेली माती वाऱ्याने उडून जात होती, ते वेगळेच.

खरे म्हणजे या तर्कातील त्रुटी १९०७ सालीच दिसली होती. अमेरिकेच्या कृषी खात्यातील एडगर बकिंगहॅम या भौतिकशास्त्रज्ञाने मातीचे उंच स्तंभ घेतले. काहींवर दमट हवामान ठेवले, काहींवर कोरडे. अपेक्षा अशी, की कोरड्या हवेत पाणी सतत जास्त जाईल. सुरुवातीला तसेच झाले. पण नंतर कोरड्या हवेतील स्तंभांचे नुकसान एकदम मंदावले आणि एकूण हिशेबात ते कमी भरले. वरचा थर इतक्या झपाट्याने वाळला, की खालचे पाणी वर पोचण्याची वाटच बंद झाली. कोरड्या प्रदेशात माती आपले झाकण आपणच तयार करते!

१९२७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एफ. जे. व्हीमायर यांनी फळबागांतील प्रयोग प्रसिद्ध केले. तणविरहित जमीन खणली काय आणि न खणली काय, पाण्याच्या नुकसानीत लक्षणीय फरक नव्हता. फरक पडत होता तो तणांमुळे. तण म्हणजे पाने, आणि पाने म्हणजे बाष्पोत्सर्जन. खुरपणीने पाणी वाचत होते, पण नलिका तुटल्यामुळे नव्हे, तर तण मेल्यामुळे.

कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपले शेतकरी म्हणतात. मग ते चुकीचे का? नाही. आपल्याकडील काळी माती वाळली की तिला खोल भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालच्या थरांतील ओलही उडते. कोळपणीने तण जाते आणि भेगाही बुजतात. एकाच कामाची दोन ठिकाणी वेगळी कारणे असू शकतात. कारण ठाऊक असले, की ते काम कुठे करायचे आणि कुठे नाही, हे समजते. मुरमाड जमिनीवरच्या तणविरहित आळ्यात रोज खुरपे फिरवण्यात श्रमाखेरीज काही साधत नाही.

बकिंगहॅम यांच्या प्रयोगाचा दुसरा अर्थ आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. झारीने रोज संध्याकाळी थोडे थोडे पाणी शिंपडले, तर वरचा वाळलेला थर रोज ओला होतो. मातीने घातलेले झाकण आपणच रोज उघडतो. ते पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जाते. मुळांपर्यंत पोचत नाही. मुलांनी हौसेने घातलेल्या पाण्यातील मोठा भाग असा हवेत जातो.

पुणे, सोलापूर आणि खडूची भुकटी

आपल्या भागातही याच काळात काम सुरू झाले होते. १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन हाती घेण्यात आले. १९३० च्या दशकात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे संशोधन केंद्रे निघाली. बांध घालून पाऊस शेतातच मुरवणे, दोन ओळींतील अंतर वाढवणे, बियाणे कमी वापरणे आणि वेळेवर कोळपणी, ही या कामातून आकाराला आलेली सूत्रे. एन. व्ही. कानिटकर यांनी ती १९४४ साली ग्रंथरूपाने मांडली. कमी पाण्यात जास्त झाडे जगवण्याचा हट्ट धरू नये, हे त्या सूत्रांचे सार शाळेच्या बागेलाही लागू पडते.

१९३२ साली पुण्यात हवामान खात्याची कृषी हवामानशास्त्र शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख होते डॉ. एल. ए. रामदास, सर सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या काळ्या मातीच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. रामदास आणि त्यांचे सहकारी द्रविड यांनी अशा मातीवर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला. एवढ्यानेच जमिनीचे तापमान उतरले. केवळ पृष्ठभागावर नव्हे, तर खालच्या थरांतही. हे काम १९३६ साली प्रसिद्ध झाले. पांढऱ्या पृष्ठभागावरून ऊन परावर्तित होते, हे आपण फळ्यावर शिकवतो. त्यासाठी लागणारे साहित्यही फळ्याखालीच सांडलेले असते. दोन कुंड्या, दोन तापमापी आणि मूठभर खडूची भुकटी एवढ्यात हा प्रयोग होतो.

सूर्याचा हिशेब

मापे पुष्कळ झाली होती, पण त्यांना बांधणारे सूत्र नव्हते. ते १९४८ साली इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातील हॉवर्ड पेनमन यांनी दिले. पेनमन भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी प्रश्न झाडाकडून उचलला आणि सूर्याकडे नेला. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. ती मुख्यतः उन्हातून येते आणि काही प्रमाणात कोरड्या वाऱ्यातून. तेव्हा ऊन, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग ही चार मापे असली, की पाणी भरपूर असलेल्या हिरव्या पृष्ठभागावरून किती वाफ जाईल, हे झाड न तोलताही काढता येते.

मे महिन्यात आपल्या पठारावर एका चौरस मीटरवर दिवसभरात सुमारे २५ मेगाज्यूल ऊर्जा पडते. ती सर्व वाफ करण्यात खर्च झाली, तर सुमारे १० लिटर पाणी उडेल, म्हणजेच १० मिलिमीटर जाडीचा थर. प्रत्यक्षात काही ऊन परावर्तित होते, काही हवा तापवण्यात जाते. त्यामुळे हिरव्या झाडोऱ्याची मागणी मे महिन्यात दिवसाला ८ मिलिमीटरच्या आसपास राहते, आणि डिसेंबरात ती साधारण निम्म्यावर येते.

आता आपला मूळ प्रश्न सोडवता येतो. भर दुपारी रोपाची सावली पाव चौरस मीटर पडते, असे समजू. मे महिन्यात त्याची मागणी ०.२५ गुणिले ८, म्हणजे दिवसाला २ लिटर. आठवड्याला १४ लिटर, म्हणजे एक बादली. डिसेंबरात तीच बादली पंधरा दिवस पुरते. ही पूर्ण मागणी झाली. काटक झाडे यापेक्षा कमी पाण्यात तग धरतात. ही बादली एकाच वेळी आळ्यात ओतली, तर ओल खोल जाते आणि मुळे तिच्यामागे खाली जातात. जमीन उथळ व मुरमाड असेल तर तिच्यात एवढे पाणी मावत नाही. तेथे अर्धी बादली आठवड्यातून दोनदा द्यावी. रोज एक तांब्या मात्र कुठेच देऊ नये.

पुरलेला माठ

सूत्राच्या किती तरी आधी काही शेतकऱ्यांनी उत्तर हाताने शोधले होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात चीनमध्ये फान शंगची यांनी शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात एक कृती आहे. खड्ड्याच्या मधोमध मातीचे भांडे असे पुरावे, की तोंड जमिनीच्या पातळीत येईल. ते पाण्याने भरून वर खापराचे झाकण ठेवावे आणि चारही बाजूंना वेलाची एकेक बी लावावी. पाणी कमी होईल तसे भरत राहावे.

या भांड्याचे वैशिष्ट्य असे, की ते मागणीप्रमाणे पाणी देते. बाहेरची माती कोरडी झाली की सच्छिद्र खापरातून पाणी ओढले जाते. माती ओली असली की ओढ कमी होते. शिवाय पृष्ठभाग कोरडाच राहतो. १९७० च्या दशकात हरियाणातील कर्नाल येथे आर. सी. मंडल यांनी या पद्धतीचे शास्त्रीय प्रयोग केले. हेल्स यांना जी पाझरणारी कुंडी हिशेबातून वजा करावी लागली, तीच येथे उपयोगाची ठरते. मात्र माठ न भाजलेला वा चकचकीत रंगवलेला नसावा आणि झाकण घट्ट असावे, नाहीतर डास होतात. क्षारयुक्त पाण्याने छिद्रे बुजतात, म्हणून वर्षाकाठी माठ तपासावा.

तीन ऋतूंची बाग

१९८१ साली कोलोरॅडोतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने कमी पाण्याच्या बागेसाठी ‘झेरिस्केप’ हा शब्द घडवला. ग्रीक भाषेत ‘झेरॉस’ म्हणजे कोरडा. त्या शहरात वर्षाला ४०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पाण्याचा मोठा वाटा घरापुढच्या हिरवळीवर जात असे. आधी आखणी, मातीची सुधारणा, हिरवळ फक्त गरजेपुरती, योग्य झाडांची निवड, सारख्या गरजेची झाडे एकत्र ठेवून नेमके पाणी, आच्छादन आणि वेळच्या वेळी देखभाल, अशी त्याची सूत्रे. काहींनी याचा अर्थ ‘सगळीकडे दगड पसरा’ असा घेतला, आणि तापलेल्या दगडांनी झाडांचे हाल केले. आपल्याकडे शाळेच्या आवारात बुंध्यापर्यंत फरशा बसवतात, तीच ही चूक.

अॅक्रन आणि डेन्व्हर एकाच राज्यात आहेत, तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. आपले ऋतू वेगळे, म्हणून वेळापत्रकही वेगळे हवे. पण नियम तेच आहेत.

पावसाळ्यात काम आहे ते पाणी मुरवण्याचे. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच करावी, म्हणजे मुळांना चार महिने मिळतात. छपराचे पाणी चराने आळ्यांकडे वळवावे. परतीचा पाऊस संपता संपता तण मुळासकट काढावे आणि तेच वाळवून आच्छादन म्हणून पसरावे. बी धरलेले तण मात्र वापरू नये. ओल जमिनीत असतानाच आच्छादन घालणे महत्त्वाचे. कोरड्या मातीवर घातलेले आच्छादन काही वाचवत नाही.

हिवाळा हा झाडाला सवय लावण्याचा काळ. मागणी निम्मी असते, म्हणून दोन पाण्यांतील अंतर हळूहळू वाढवावे. वरची माती वाळू द्यावी. ओलीच्या शोधात मुळे खाली जातात, आणि मे महिन्यात झाड जगते ते याच मुळांवर. हिवाळ्यात रोज पाणी पिऊन लाडावलेले रोप सुटीत सर्वांत आधी मरते.

उन्हाळ्यात फक्त राखण करावी. पालापाचोळ्याचा चार बोटे थर आळ्यात असावा, पण बुंध्याला चिकटलेला नसावा. नैर्ऋत्येला तुराट्यांचा किंवा गोणपाटाचा आडोसा करावा, कारण दुपारचे ऊन आणि वारा तिकडूनच मारतात. पाणी सूर्य मावळल्यावर द्यावे, म्हणजे मुरायला रात्र मिळते. खत देऊ नये. नवी पालवी म्हणजे नवी मागणी. आणि झाडे जास्त, पाणी कमी असेल, तर सर्वांना थोडे थोडे देऊन सर्व गमावण्यापेक्षा कोणती जगवायची हे आधीच ठरवावे. हा निर्णय कठीण असतो, पण तो न घेतल्याने टळत नाही.

सुटीत पाणी कोण घालणार, हा प्रश्न उरतोच. आठवड्याला एक बादली आणि पुरलेला माठ एवढाच हिशेब असेल, तर शाळेजवळ राहणारी दोन मुले तो सांभाळू शकतात. रोजच्या तांब्याचा हिशेब कोणीच सांभाळू शकत नाही.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा वृक्षारोपणाच्या वहीत एक रकाना वाढवावा: ‘उरली किती’. शेजारी आणखी एक: ‘पाणी किती घातले’. व्हान हेल्माँटच्या वहीत हा दुसरा रकाना नव्हता. आपल्या वहीत तो असायला हरकत नाही.